मनीची माती
आमची मनी तिसऱ्या मजल्यावर राहावयास आली आणि तिच्या प्रातर्विधीचा प्रश्न उपस्थित झाला. लाकडाचा भुसा तिने घरभर उधळला. मग आम्ही गुलाबगंधी माती आणली; तिकडे पाठ फिरवून तिने आजीची गोधडी पसंत केली! "उद्याच हिला सोडून या," आजीने निक्षून सांगितले.

आपणांस सुखावणारा गंध मांजराच्या तीक्ष्ण नाकास जाचतो, हे आम्हांस तेव्हा उमगले. (१९४७ साली अमेरिकेत एड लो यांनी मांजरांसाठी विकावयास काढली, ती साधी मुलतानी मातीच होती.) आम्ही बिनवासाची, बारीक बेंटोनाइट माती आणली. कच्छात ती विपुल सापडते. ओल लागताच तिचा गोळा बनतो, तेवढाच उचलावा. मनीने ती हुंगली, उकरली, आणि तेथेच बसली.

आजी मात्र अद्याप दार लावूनच निजते.