तीनशे मीटरवरचा गरुड

तर मंडळी, झालं असं की मला कॅमेरा घ्यायचा होता. म्हणजे खरं सांगायचं तर मला मिररलेस घ्यायचा होता आणि त्यासाठी मी कारण शोधत होतो. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे काही नवीन नाही. आधी टेक्नॉलॉजी ठरते, मग तिच्यासाठी रिक्वायरमेंट लिहिली जाते.

२०२४ चा नोव्हेंबर. लेक दहा महिन्यांची. रांगत होती, धरून उभी राहत होती आणि फोनमध्ये तिचे जे फोटो येत होते त्यांत निम्म्या वेळा चेहऱ्याऐवजी एक गुलाबी पट्टा दिसायचा. म्हणजे कारण तयार. पण आमच्या घरात कॅमेऱ्याचा आणखी एक उमेदवार होता, आणि त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं, हाच सगळा गोंधळ.

आमचे बाबा. चौतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी. (सीएसटी म्हणा, २०१७ पासून सीएसएमटी म्हणा, बाबांसाठी ते व्हीटीच.) रिटायर झाल्यावर ते आणि आई आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आले आणि वयाच्या साठाव्या वर्षी बाबांना पक्ष्यांचं वेड लागलं. दर रविवारी पहाटे येऊर. साडेपाचला रिक्षा, दुर्बीण, सलीम अलींचं पुस्तक आणि एक दोनशे पानी वही. वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी. तांबट, भृंगराज, स्वर्गीय नर्तक, राखी धनेश. नाव नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. बाबांचा प्रामाणिकपणा असा की वहीत प्रश्नचिन्हं पक्ष्यांपेक्षा जास्त.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एका गुडघ्याचं छान झालं, दुसऱ्याचं तितकं नाही. शिवाय हात थोडे थरथरायला लागले. कंपवात नाही, वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण थरथरत्या हातात दुर्बीण धरली की डोंगर नाचतो. येऊर बंद झालं. वही टीव्हीच्या खालच्या खणात गेली.

आमची बाल्कनी पश्चिमेला आहे, सोळाव्या मजल्यावर. समोर येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आमच्या बाजूची कड. घर घेताना बिल्डरच्या माणसाने हा डोंगर असा दाखवला होता की जणू तोही कार्पेट एरियात धरलाय. आणि खोटं कशाला बोला, आम्ही त्याचेच जास्त पैसे मोजले. बाबा सकाळी चहा घेऊन तिथे बसायचे. समोरच्या वठलेल्या झाडावर काहीतरी मोठं येऊन बसायचं. "सर्पगरुड असावा," असं बाबा रोज म्हणायचे. रोज प्रश्नचिन्हासकट.

आणि त्या झाडाच्या अलीकडे, आमच्या बरोब्बर समोर, ऑक्टोबरपासून एका नव्या टॉवरचा पाया खणायला सुरुवात झाली होती.

आता एक्सेल शीट. ती होणारच होती. एका बाजूला कॅननचा आर५०, २०२३ मध्ये आलेला सुरुवातीच्या पातळीवरचा मिररलेस, सोबत दोन लेन्सचं किट. दुसऱ्या बाजूला निकॉनचा पी९५०, २०२० चा ब्रिज कॅमेरा. लेन्स बदलता येत नाही, पण झूम ८३ पट, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशोबात २४ ते २००० मिलिमीटर. दिसायला डीएसएलआर, आतून सेन्सर मात्र साध्या खिशातल्या कॅमेऱ्याएवढा. मेगापिक्सेल एकात २४, दुसऱ्यात १६.

माझं मत आधीच ठरलेलं होतं. सेन्सर मोठा तो कॅमेरा मोठा, बास. आर५० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ पी९५० च्या सेन्सरच्या जवळपास बारापट. बारापट! बाबांसाठी काय, मिररलेसला टेलि लेन्स लावू, फोटो काढू आणि नंतर कॉम्प्युटरवर कापून मोठा करू. एका दगडात दोन पक्षी (बाबांसमोर ही म्हण वापरू नये, हे मी शिकलोय).

मग एका शुक्रवारी रात्री, बिल्ड चालू असताना, मी सहज आकडे मांडले आणि पंचाईत झाली.

ते झाड गूगल मॅप्सवर मोजलं तर साधारण तीनशे मीटर. सर्पगरुड सत्तर सेंटिमीटरचा धरू. किटमधली टेलि लेन्स २१० मिलिमीटरची, म्हणजे फिल्मच्या हिशोबात ३३६. तिच्यातून तीनशे मीटरवर सुमारे बत्तीस मीटर रुंद दृश्य दिसतं. सहा हजार पिक्सेलच्या रुंदीत गरुडाच्या वाट्याला येतात एकशे तीस. मोबाइलवरच्या आयकॉनसारखा गरुड! पी९५० पूर्ण झूमवर साडेपाच मीटरपेक्षा कमी दृश्य दाखवतो. तिथे गरुडाला सहाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात.

तुम्ही म्हणाल, पण छोट्या सेन्सरचे पिक्सेल कचकड्याचे, प्रकाश कमी. मीही तेच म्हणालो. आणि इथेच मी इतकी वर्षं चुकत होतो. पावसात घमेलं ठेवलं तर किती पाणी जमेल हे घमेल्याच्या तोंडावर ठरतं, नंतर ते पाणी तुम्ही बादलीत ओता नाहीतर तांब्यात. लांबच्या पक्ष्याचंही तसंच. त्याच्याकडून येणारा किती प्रकाश आपण गोळा करतो, हे लेन्सच्या तोंडावर ठरतं. पी९५० ची लेन्स खरी ३५७ मिलिमीटरची, पूर्ण झूमला एफ ६.५. भागाकार करा: तोंड ५५ मिलिमीटर. किटमधली टेलि लेन्स २१० मिलिमीटर, एफ ७.१: तोंड जेमतेम ३०. क्षेत्रफळात जवळपास साडेतीनपट फरक, आणि तो 'खेळण्यातल्या' कॅमेऱ्याच्या बाजूने. गरुडापुरता बोलायचं तर माझा बारापट सेन्सर रिकाम्या आभाळाचे सुंदर फोटो काढणार होता.

बरोबरी साधायची तर आर५० ला १००-४०० ची लेन्स घ्यायची. ती एफ ८ ला ५० मिलिमीटर तोंड देते, म्हणजे प्रकाशात जवळपास बरोबरी, आणि उडत्या पक्ष्यावर फोकस पकडण्यात मिररलेस कितीतरी पुढे. उत्तम. फक्त माझं बजेट तिथे मोडत होतं आणि घराचा हप्ता मोडत नव्हता.

पण लेकीसाठी हेच गणित उलटं. ती दोन मीटरवर. ट्यूबलाइटच्या उजेडात, रुंद कोनात, पी९५० ची लेन्स एफ २.८ असली तरी आर५० च्या किट लेन्सला एकूण साडेचारपट प्रकाश मिळतो. साडेचारपट म्हणजे गुलाबी पट्टा आणि चेहरा यांतला फरक.

थोडक्यात, शीटने मला विचारलं: आजोबा की नात? आता असल्या शीटमध्ये वेटेज कोण आणि कसं भरणार? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मुलगी काय, उद्याही इथेच असणार आहे." आणि गप्प बसली. मला ते वाक्य तेव्हा नीट कळलं नाही. वजनाचा कॉलम बघत होतो मी.

(वजनाचंही सांगतो, कारण 'ब्रिज कॅमेरा सुटसुटीत' असा एक समज आहे. पी९५० एक किलोचा आहे. आर५० टेलि लेन्ससकट साधारण साडेसहाशे ग्रॅम.)

शेवटी एका शनिवारी बाबांना घेऊन फोर्टात गेलो. त्यांना सांगितलं होतं, माझ्यासाठी कॅमेरा बघायचाय, चला. ठाण्याहून फास्ट लोकल, बसायला जागा, बाबा खूश. दुकानदार सज्जन होता, दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. बाबांनी आधी मिररलेस हातात घेतला. "छान हलका आहे रे." दुकानातल्या पंख्याचा एक फोटो काढला. एकच. बाबांच्या तरुणपणी घरात अग्फा क्लिक थ्री होता, एका रोलमध्ये बारा फोटो. बारांतले दोन वाया गेले तर आजोबा बोलायचे. तो माणूस अजून तसाच बटण दाबतो, जणू मागे कुणीतरी मोजतंय.

मग पी९५० घेऊन आम्ही दुकानाच्या पायऱ्यांवर आलो. तिथून व्हीटीचा घुमट दिसत होता. बाबांनी दाराच्या चौकटीला खांदा टेकवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि झूमची कळ दाबली. लेन्स सावकाश बाहेर येत राहिली. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. चित्र हलत असणार, कारण दोनदा त्यांनी श्वास रोखून पुन्हा सोडला.

"अरे," ते म्हणाले, "हिच्या हातात चाक आहे."

घुमटावरचा पुतळा. 'प्रगती'. उजव्या हातात वर धरलेली मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. १८८७ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या इमारतीखालून बाबा चौतीस वर्षं रोज दोनदा गेले होते. मशाल माहीत होती. चाक कधी दिसलं नव्हतं.

"आरेसुद्धा मोजता येतायत," बाबा म्हणाले, आणि मोजायला लागले.

मी आत जाऊन कार्ड काढलं. शीट अजून ड्राइव्हवर आहे, वेटेजचा कॉलम रिकामाच.

आता हे वाचून कुणी उत्साहाने ब्रिज कॅमेरा घ्यायला निघालं असेल तर थांबा. २०२५ च्या जानेवारीत लेकीचा पहिला वाढदिवस झाला, संध्याकाळी, हॉलमध्ये, फुगे आणि पिवळे दिवे. मी नवा कॅमेरा मिरवत अडीचशे फोटो काढले. दाणेदार, धुरकट, हललेले. मेणबत्ती फुंकायच्या क्षणाचा एकही धड नाही. मेहुणीच्या फोनवरचे फोटो फ्रेम करून लावलेत. चूक कॅमेऱ्याची नाही, गणित मी स्वतःच मांडलं होतं. तरी ती फ्रेम बघितली की पोटात काहीतरी होतं. तो वाढदिवस काही परत येणार नाही. बायकोचं ते वाक्य पूर्ण बरोबर नव्हतं, हे मी तिला सांगितलेलं नाही.

बाबांकडे मात्र वेगळीच गंमत सुरू झाली. पहिला आठवडा वैतागात गेला. पूर्ण झूमवर हात जरा हलला की झाड फ्रेममधून गायब, परत शोधता शोधता पक्षी उडालेला. मग त्यांना कडेचं ते बटण सापडलं, जे दाबून ठेवलं की झूम तात्पुरता मागे येतो आणि सोडलं की परत तिथेच जातो. थरथरीवर आईने उपाय काढला: जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून तीत दीड किलो वाटाणे भरले. पिशवी बाल्कनीच्या कठड्यावर, पिशवीवर कॅमेरा. ट्रायपॉडपेक्षा बरं चालतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आणि वाटाणे मिळून काम भागवतात.

प्रकाशाचंही त्यांनी स्वतःच शोधलं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे जातो, तेव्हा सगळेच पक्षी कावळे दिसतात. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येऊन डोंगरावर पडतं. पण नऊनंतर उपयोग नाही. मधली हवा तापते, घोडबंदरची धूळ उठते, आणि तीनशे मीटरवरचं झाड पाण्यात बघितल्यासारखं लहरायला लागतं. त्यापुढे कितीही लाखांची लेन्स आणा, हवा तीच. म्हणजे रोजचा दीड तास. बाबा सात वाजता हजर. ऑफिसला इतकी वर्षं गेले तसे.

२०२५ च्या फेब्रुवारीत वही खणातून बाहेर आली. सर्पगरुड. डोक्यावरची काळी-पांढरी शेंडी, पिवळा डोळा, पोटावरचे पांढरे ठिपके, सगळं स्पष्ट. बाबांनी मागच्या पानांवर जाऊन त्या झाडापुढची प्रश्नचिन्हं एकेक करून खोडली. प्रत्येक खोडीशेजारी सही केली. सरकारी नोकरीची सवय.

इकडे टॉवर वर येत होता. पावसाळ्याआधी पार्किंगचे मजले, गणपतीपर्यंत सातवा, दिवाळीत बारावा. बाबा त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत, पण वहीत गेल्या काही महिन्यांपासून एक नवा रकाना आहे: स्लॅब. तारीख, वेळ, पक्षी, स्लॅब. मी हिशोब केलाय. आमच्या बाल्कनीतून झाडाचा बुंधा आधीच गेलाय. अजून दोन-तीन स्लॅब पडले की फांद्याही जातील. बाबांनीही केला असणार. ते माझ्यापेक्षा जुने हिशोबवाले आहेत.

मी मध्ये म्हणालो, "बाबा, गाडीने मानपाड्याला जाऊ, नाहीतर ऐरोलीला खाडीवर. बसून बघता येतं, फ्लेमिंगो येतात." ते म्हणाले, "जाऊ की." पण रस्त्यावर ट्रॅफिक असतो, मला रिलीज असते, लेकीला सर्दी असते. एकदाच गेलोय.

गेल्या रविवारी सकाळी मी उशिरा उठलो. बाल्कनीतून हाक आली, "अरे, ये लवकर." लेक आजोबांच्या मांडीवर, हातात एक वाटाणा. (पिशवीची शिवण उसवली आहे, आईला सांगायचंय.) बाबांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. टॉवरच्या क्रेनच्या आडव्या दांड्यावर एक पक्षी, गालावर काळ्या मिशा, छातीवर बारीक पट्टे. बहिरी ससाणा. पिसं मोजता येतील इतका जवळ.

"हा किती मीटर असेल?" बाबांनी विचारलं.

"क्रेन? साठ, फार तर सत्तर."

"हं. म्हणून एवढा झूम लागला नाही," बाबा म्हणाले, आणि वहीत लिहायला लागले. स्लॅब चौदा.