‘१८४०/-’ आणि मी

पायथॉन शिकताना पहिले चार शनिवार मस्त जातात. प्रिंट, इफ-एल्स, लूप... आपण अगदीच ‘ढ’ नाही, असं वाटायला लागतं. मग पाचव्या शनिवारी स्क्रीनवर लाल अक्षरांची माळ उतरते आणि प्रोग्रॅम आडवा होतो. याचंच नाव एक्सेप्शन.

मी अकाउंट्समधली. महिनाअखेरीला टॅक्सी-रिक्षाच्या बिलांची लांबलचक यादी येते, तिची बेरीज करणारा प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. यादीतला आकडा पायथॉनला मजकूर म्हणून मिळतो, तो ‘इंट’ वापरून संख्येत बदलायचा. गंमत म्हणजे मराठी अंकांत ‘१८४०’ टाईप केलं, तरी पायथॉन ३ ते बिनतक्रार वाचतो. पण ‘१८४०/-’ दिसलं की थबकतो. रकमेपुढे रेघ मारायची आपली सवय त्याला काय माहीत! तो सरळ ‘व्हॅल्यूएरर’ म्हणून हात वर करतो.

घाबरू नका. लाल मजकूर खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं, त्याच्या वर कुठे बिनसलं ते.

आता उपाय. ‘ट्राय’ म्हणजे करून बघ. ‘एक्सेप्ट’ म्हणजे नाहीच जमलं तर हे कर. क्लासमधला मित्र म्हणाला, ‘‘अगं, एक्सेप्टपुढे काहीच लिहू नकोस. खाली फक्त ‘पास’ टाक. कटकट संपली!’’ खरंच संपते. लाल अक्षरं गायब, प्रोग्रॅम सुसाट आणि खाली बेरीज हजर.

फक्त त्या बेरजेत १८४० रुपये नसतात. ते आमच्या ऑफिसात बँकेची, टपालाची कामं करणाऱ्या मुलाचे. त्याने खिशातून घातलेले. तुमच्या-माझ्या एका वीकेंडचा खर्च. त्याच्या घरचा किराणा. आणि तो काही विचारायला येणार नाही.

म्हणून मी ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ एवढंच लिहिलं. ज्या ओळीवर गाडी अडली, ती वेगळ्या यादीत टाकायची आणि पुढे जायचं. यादीची फाइलच सापडली नाही तर? मग प्रोग्रॅमने खुशाल आडवं व्हावं. बेरीज कशाची करणार?

अर्थात, आडवं होणं सगळीकडे परवडत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, एक्सेप्शन उठलं आणि तिथे ते सावरायची सोयच केलेली नव्हती. कुठे थांबायचं आणि कुठे सावरायचं, हे आधीच ठरवावं लागतं. मशीन ते आपल्यासाठी ठरवत नाही.

आता दर महिन्याला बेरजेखाली अडलेल्या चार-पाच ओळी येतात. चहा घेता घेता मी त्या एकेक करून तपासते. त्यात दहा मिनिटं जातात. कुणाचे १८४० रुपये मात्र जात नाहीत.