चावडीपर्यंत आलेली केबल

महाराष्ट्रातल्या बऱ्याच ग्रामपंचायत कार्यालयांत आता भिंतीला एक लोखंडी पेटी ठोकलेली दिसते. जमिनीतून वर आलेली काळी केबल तिच्यात शिरते. आत एक लहानसं यंत्र, जोडीला बॅटरी. हे भारतनेट, राज्याने स्वतःच्या अंगावर घेतलेल्या भागात महानेट. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ च्या ऑक्टोबरात देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरवलं. पहिला अंदाज वीस हजार कोटींच्या आसपासचा होता. पैसा यायचा तो तुमच्या-आमच्या फोनबिलातून, कारण दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलातला पाच टक्के हिस्सा ज्या निधीत भरतात त्यातूनच ही केबल पडते. २०१७ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महाआयटी या सरकारी कंपनीमार्फत बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं काम उचललं. दवंडी ऐकत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला ही पेटी पाहून मनापासून आनंद होतो, आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी तुटतंही.

तेव्हा सरकार गावात यायचं ते आवाजाने. डफाची थाप ऐकू आली की बायका चुलीपुढून उठून दाराशी यायच्या, पोरं कोतवालाच्या मागे पळायची. लसीचे डॉक्टर येणार, पाणीपट्टी भरायची मुदत संपली, अमक्याच्या बैलांचा लिलाव आहे, उद्या ग्रामसभा आहे. जे काही असेल ते सगळ्यांना एकदम कळायचं. चावडीवाचनाला तर निम्मा गाव जमायचा. तलाठी सातबारावरच्या नोंदी मोठ्याने वाचायचा आणि ऐकणारे मधेच अडवायचे. "ती विहीर सामाईक आहे, तसं लिहा." "धाकट्या बहिणीचं नाव राहिलं." कागदावर काय चढलंय हे गावाच्या कानांवरून गेल्याशिवाय पक्कं होत नसे, निदान तसा रिवाज होता.

रिवाज होता एवढंच. त्या चावडीवर कोण बसायचं आणि कोण उभं राहायचं हे आम्ही पाहिलेलं आहे. दवंडी देणाऱ्या माणसाच्या आवाजाला गावभर वाट होती, आणि त्याला स्वतःला मात्र पायरीपाशी थांबावं लागायचं. धाकट्या बहिणीचं नाव राहिलं असं सांगायला धाकटी बहीण तिथे नसायची. उतारा हवा तर तलाठ्याच्या सज्जावर खेटे घालायचे, "उद्या या" ऐकायचं, आणि काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय उद्या उजाडत नसे.

आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर उतरतो. १ मे २०१८ पासून ही सोय आहे. पुण्यात घरकाम करणारी बाई दुपारच्या सुट्टीत आपल्या माहेरच्या गटनंबरावर आपलं नाव लागलंय का ते बघू शकते. भावाला विचारावं लागत नाही, तलाठ्यापुढे उभं राहावं लागत नाही. तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर जुन्या चावडीसाठी डोळ्यांत पाणी आणायला आम्हाला संकोच वाटतो. तरी एक गोष्ट सांगायला हवी. हे संगणकावरचे उतारे बिनचूक व्हावेत म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारने राज्यभर काय केलं? पुन्हा चावडीवाचन केलं. नोंदी गावापुढे वाचल्या आणि लोकांनी चुका दाखवल्या. यंत्राला जे कळत नव्हतं ते ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं.

फोनचंही तसंच. आधी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि बाकावर बसून राहायचं. मग सी-डॉट आलं. १९८४ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने खेड्यातल्या धुळीत आणि उकाड्यात, वातानुकूलनाशिवाय चालणारं एक्स्चेंज बनवलं. १९८६ मध्ये पहिलं बसलं ते कर्नाटकातल्या कित्तूरला. तीही सार्वजनिक पैशाचीच योजना होती, हे आज कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या एक्स्चेंजांनी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गावोगावी आणले आणि त्यांच्याबरोबर एक आख्खी रीतभात आणली. लग्नपत्रिकेवर पीपी नंबर छापायचा. मुंबईहून फोन यायचा तो किराणा दुकानात, दुकानदार पोराला पिटाळायचा, आणि "अण्णा, तुमचा फोन!" ही हाक आळीभर घुमायची. अण्णा चप्पल न घालता धावायचे. दहा मिनिटांनी पुन्हा घंटी वाजेपर्यंत दुकानातल्या साखरेच्या पोत्यावर बसायचे, आणि तेवढ्यात चार माणसं गोळा व्हायची, कारण मुंबईची बातमी एकट्या अण्णांची नसायची. बूथच्या काचेआड लाल आकडे पळायचे म्हणून वाक्यं आधी मनात जुळवून ठेवायची. रात्री उशिरा दर उतरायचा तेव्हा सैन्यातल्या मुलांचे आईवडील रांगेत दिसायचे. फोन झाल्यावर कुणी विचारायचं, "बरं आहे ना?" आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागायचं.

त्या काचेआडचं बोलणं बाहेर सगळ्यांना ऐकू जायचं. सुनेला माहेरी फोन करायचा असेल तर सासू शेजारी उभी असायची. एखाद्या मुलीला फोन आला तर गावाला आठवडाभर विषय मिळायचा. आज तीच मुलगी रात्री पांघरुणात शिरून मैत्रिणीशी बोलते, रडते, सल्ला घेते आणि सकाळी शेतात जाते. तिला मिळालेला तो एकांत कुणी हिरावून घेऊ नये. आम्हाला हळहळ वाटते ती फक्त त्या धावण्याची. दुसऱ्याच्या फोनसाठी आपलं काम टाकून पळणारं पोर आता कुठल्या आळीत नाही.

वारणेची गोष्ट तर आमच्या पिढीने विसरूच नये. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात साखर कारखान्याच्या आधाराने सत्तर गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प सुरू झाला. मोबाइल अजून श्रीमंतांचा होता, आणि इथे ऊस उत्पादकाच्या गावात संगणकाचं केंद्र बसलं. शेतकऱ्याला त्या केंद्रावर शेतीची माहिती, बाजारभाव, पुढे जग दिसेल असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात तो तिथे जायचा ते उसाचं वजन किती भरलं, तोडणी कधी, खत किती उचललं, बिल किती निघालं हे विचारायला. काही अभ्यासकांना यात अपयश दिसलं. आम्हाला नाही दिसत. ज्या माणसाला आजवर वजनकाट्यावर सांगतील तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागत होता, त्याला आपल्या गावात बसून आपला आकडा विचारता आला, यापेक्षा मोठं जग कोणतं? काही वर्षांनी त्यातल्या काही गावांत संगणक काढून साधा मोबाइल ठेवला गेला. मेसेज पाठवायचा, आकडा परत यायचा. काम स्वस्त झालं, सोपं झालं. केंद्रावरची बसकण मात्र मोडली, आणि एकाचं वजन ऐकून दुसऱ्याने आपलं पडताळायची सवयही.

दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. वर्तमानपत्रात बारीक टाइपात नंबर छापून यायचे त्या काळाबद्दल आम्ही थोरांकडून ऐकलं. आमच्या वाट्याला सायबर कॅफे आला. गावातला एखादा कॉलेजचा मुलगा सगळ्यांचे बैठक क्रमांक वहीच्या पानावर लिहून घ्यायचा आणि पहिल्या एसटीने तालुक्याला जायचा. तिथे डायल-अपची ती किरकिर, अर्धवट उघडलेलं पान, मागून लोटणारी गर्दी, एका प्रिंटचे पाच-दहा रुपये. संध्याकाळची एसटी वळणावर दिसली की थांब्यावर आयाबाया उभ्या असायच्या. तो मुलगा पायरीवरूनच नावं वाचायचा. पास झालेल्याचं नाव मोठ्याने, नापासाचं नाव न घेता. त्या पोराला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता दुपारी एकला निकाल लागतो आणि एक वाजून पाच मिनिटांनी पोराच्या हातात असतो. दिवसभर जीव टांगणीला लागत नाही, एसटीभाडं वाचतं, आणि पुढच्या प्रवेशाचा अर्जही तिथेच भरता येतो. हे निःसंशय चांगलं आहे. फक्त नापास झालेलं पोर त्या क्षणी पडद्यासमोर एकटं असतं. ही गोष्ट आम्हाला झोपू देत नाही.

आता त्या केबलीकडे. तिचा प्रवास सरळ झाला नाही. पहिल्या टप्प्यातल्या लाखभर पंचायती २०१७ च्या अखेरीस जोडल्याचं जाहीर झालं, पण पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेला फायबर शाळेत, दवाखान्यात, घरात गेला असं फार थोड्या ठिकाणी झालं. तोवर २०१६ च्या सप्टेंबरपासून मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि गावाने आपलं इंटरनेट खिशात घातलं. मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कळलं की खिशातलं इंटरनेट सगळ्या खिशांत पोचत नाही. कोकणात मुलं रेंजसाठी डोंगर चढली, माथ्यावर झोपडी बांधून अभ्यास केला. सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीत त्यांना तोही डोंगर पुरला नाही. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, २०१९ च्या निवडणुकीत त्यावरून जाहीर सभांत वाद झाले. गाव डिजिटल झालं की नाही हा प्रश्न प्रचारात विचारला जातो, एवढं तरी झालं. पण पाऊस लागल्यावर रेंज टिकते का, हे तिथल्या आशाताईंना विचारायला हवं.

केबल तुटते, आणि ती का तुटते हे समजून घ्यायला हवं. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात लागतो, पाण्याची पाइपलाइन टाकताना कुदळ बसते. फायबर म्हणजे केसाएवढी काच; तांब्याच्या तारेसारखी पिळून जोडता येत नाही. जोडायला यंत्र लागतं, यंत्र चालवणारा लागतो, तो तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून यावा लागतो. आधीच्या रचनेत तालुक्यापासून गावांपर्यंत लाइन एकेरीच गेलेली असायची, त्यामुळे एका ठिकाणी काच तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. जुन्या टेलिफोनचा लाइनमन सायकलवर यायचा, खांबावर चढायचा, खाली उतरून चहा प्यायचा. तोही आठ-आठ दिवस यायचा नाही, फोन महिनोन्‌महिने मुका राहायचा, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याचं घर माहीत होतं. रागावायला दार होतं.

आज सेतू केंद्रात उभं राहिलं की ऐकू येतं, "साइट बंद आहे", "सर्व्हर डाऊन आहे", "थंब लागत नाहीये". २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला बायका पहाटेपासून रांगेत होत्या, पुढच्या वर्षी ई-केवायसीसाठी पुन्हा. समोरचा संगणक परिचालक तरी काय करणार? २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून गावचं संगणकाचं काम हीच मुलंमुली ओढत आली आहेत, आणि मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात आणि नागपुरात आंदोलनं करावी लागली. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आजीबाईंचा अंगठा पुसतात, क्रीम लावून पुन्हा टेकवतात, ओटीपी वाचून दाखवतात. जुन्या गावात पत्र वाचून दाखवणारा पोस्टमन होता. आजचं ते माणूस हेच आहे. त्याला पगार देताना सरकारने हात आखडू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. केबलीवर हजारो कोटी खर्च करायचे आणि केबलीच्या टोकाशी बसलेल्या माणसाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवायचं, हे अन्यायाचं आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली ती एक लाख एकोणचाळीस हजार कोटींहून अधिक रकमेची. त्यात दोन गोष्टी आमच्या मनाजोग्या आहेत. लाइन आता वर्तुळात फिरवायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने गाव चालू राहील. आणि देखभालीची जबाबदारी दहा वर्षांची ठरवून द्यायची. दीड कोटी ग्रामीण घरांत जोडणी न्यायचा बेतही त्यात आहे. घरोघरी गेली तर आनंदच आहे, तरी आम्हाला ती पंचायतीच्या ओसरीवर आधी हवी. वाचनालयात हवी, अंगणवाडीत हवी, आरोग्य उपकेंद्रात हवी. जिथे चार माणसं बसतात आणि एकाला आलेलं दुसऱ्याला विचारता येतं अशा जागी हवी. या वेळी मात्र पायरीपाशी कुणी थांबलेलं नसावं, आणि धाकटी बहीण आत बसलेली असावी.

त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते आणि पाणीपट्टीपासून घरकुलापर्यंत सगळं तिथे वाचलं जातं. त्याच विषयपत्रिकेत एक ओळ वाढवता येईल: गेल्या तीन महिन्यांत पंचायतीचं इंटरनेट किती दिवस चालू होतं, केबल कुठे तुटली, तक्रार कधी केली, जोडायला कोण आलं, शाळेला जोडणी मिळाली का. परिचालक ताईंनी ते रजिस्टरमधून मोठ्याने वाचावं. चुकलं तर लोक मधेच अडवतील.