परसात काय लावशील, काय आंबवशील

भिवंडी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळा,


तुझं पत्र पोचलं. मिशिगनला गॅरेजमध्ये बिअर आंबते आहे आणि मागच्या अंगणात घेवडा चढला आहे, हे वाचून फार बरं वाटलं. आता कायमचं परत येऊन आपल्या घरामागच्या जागेत हीच दोन्ही कामं करायची म्हणतोस. इथे घरी बिअर करता येईल का आणि त्या जागेत काय पिकेल, असं विचारलं आहेस. बिअर करता येणार नाही, हे आधीच सांगते. जागेबद्दल मात्र पुष्कळ लिहायचं आहे.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. परवान्याशिवाय मद्य करणं हा गुन्हा, मग ते विकायला असो की घरच्या चौघांसाठी. पुण्यात २००९ पासून जागेवर बिअर करून देणारी ठिकाणं निघाली, पण तिथे परवाना लागतो आणि भांडवलही. गॅरेजातल्या हौशी माणसाला त्या कायद्यात जागा नाही. तू ज्या सवलतीवर तिकडे बिअर करतोस, तीही काही फार जुनी नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील त्या घराला २०० गॅलन बिअर घरच्यासाठी करमुक्त झाली.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७८ साली, इथे नेमकं उलटं घडलं होतं. मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. ताडामाडाच्या झाडागणिक कर बसला, माडी काढायला परवाना लागू लागला, आणि दारू गाळण्याचं काम गावोगावच्या भट्ट्यांकडून काढून मोठ्या मक्तेदारांच्या कारखान्यांकडे गेलं. उरणच्या भट्ट्या त्यातूनच मोठ्या झाल्या. तरी जंगलपट्टीत मोह होताच. मग १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि फुलं साठवायला, इकडून तिकडे न्यायला बंदी झाली. मोहाचं फूल म्हणजे केवळ दारू नव्हे. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली सडा पडतो, तो वेचून वाळवला की बेदाण्यासारखा टिकतो, आणि धान्य संपलेल्या घरात पावसाळ्यापर्यंत पोटाला आधार देतो. ते फूल घरात सापडलं म्हणून माणूस गुन्हेगार ठरत होता. हे सगळं लोकांची व्यसनं सुटावीत म्हणून झालं, असं कोणी सांगितलं तर मला पटत नाही. पिणं चालूच राहिलं. पैसा सरकारात आणि मक्तेदाराकडे गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेली कला चोरीची झाली.

हे सांगते म्हणून मी दारूच्या बाजूची आहे असं समजू नकोस. गावठी दारूपायी उठलेली घरं मी आपल्याच आळीत पाहिली आहेत. मुंबईच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. तुझ्या बरणीत धान्य आंबतं त्याने कोणी असं मरत नाही. ऊर्ध्वपातन करून वर त्यात हवं ते मिसळून विकणाऱ्यांचा तो धंदा आहे. लपूनछपून चाललेल्या कामावर कोणाची नजर नसते, म्हणून तो फोफावतो. तेव्हा हौस म्हणूनसुद्धा घरात भट्टीची नळी आणायची नाही, एवढं माझं ऐक.

पण आंबवण्याची तुझी नजर इथे वाया जाणार नाही. फेस कधी धरतो, वास कधी बदलतो, कुठल्या घटकेला थांबवायचं, हे ज्याला कळतं त्याला आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ काम आहे. वसईकडचे ईस्ट इंडियन लोक फुग्यांचं पीठ माडी घालून फुगवत. ताजा रस झाडावरून उतरतो तेव्हा गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो नीरा म्हणून गोडच राहतो, न लावला तर काही तासांत हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट त्याचा ताबा घेतं. तू पाकिटातून जे यीस्ट विकत घेतोस, त्याच जातीचं ते.

मी स्वतः काय करते ते सांगते. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. मग ते शिजवायचं, पूर्ण गार करायचं, त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरं. उन्हाळ्यात दुपारी ही आंबील प्यायली की दुसरं काही नको वाटतं. आणि आल्याचं पाणी. आलं सोलायचं नाही, कारण आंबवणारे जीव सालीवरच असतात. धुऊन किसायचं, काचेच्या बरणीत पाणी घालून रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर टाकत जायची. या दिवसांच्या उकाड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीशी कान नेलास तर बारीक चुरचुर ऐकू येते. ते विरजण लिंबाच्या सरबतात घालून बाटली घट्ट लावायची, एक दिवस बाहेर ठेवायची आणि लगेच फ्रिजमध्ये. जास्त ठेवली तर बाटली फुटते, आणि आपल्याला नको ते मद्यही वाढायला लागतं. तुझ्या बिअरला १८ ते २२ अंशांची हवा लागते म्हणालास. भिवंडीच्या मे महिन्यात तशी हवा विकत घ्यावी लागेल. नाचणी आणि आलं इथल्या हवेला रुळलेली आहेत.

आता जागेबद्दल. तू गेलास तेव्हा मागे भातखाचरं दिसत होती. आता कुंपणापलीकडे गोदामाची भिंत आहे. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, सगळीकडे हेच. मुंबईची जकात चुकवायला माल भिवंडीच्या हद्दीत उतरवायची सोय होती, तिथून हे सुरू झालं. २०१७ मध्ये जीएसटी येऊन जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. जमिनी ज्यांनी दिल्या त्यांना मी नावं ठेवत नाही. भातशेतीत मजुरी सुटत नव्हती आणि पत्र्याच्या शेडचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. मला राग आहे तो भरावाचा. प्रत्येक गोदाम मुरूम आणि डेब्रिज टाकून उंच केलं जातं. पाणी ज्या ओहोळांनी कामवारी नदीला आणि खाडीला जायचं ते बुजले. आता ते पाणी आपल्या परसात उभं राहतं.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे तुझ्या तिकडच्यासारखे सपाट वाफे चालणार नाहीत. हातभर उंच गादीवाफे कर, मधून चर काढ, आणि चर कुंपणाच्या खालच्या अंगाला ने. माती बाहेरून आणायची झाली तर कुठली ते विचारल्याशिवाय ट्रक रिकामा करून घेऊ नकोस. यंत्रमागांच्या सायझिंग आणि डाइंगवाल्यांचं पाणी ज्या नाल्यांतून वाहतं, तिथला गाळसुद्धा काळी माती म्हणून विकला जातो.

पावसाळ्यात मांडव. बांबू आणि तार घालून डोक्याच्या वर घे, त्यावर शिराळी, दुधी, पडवळ, कारली, काकडी चढव. फळ लोंबतं राहिलं की चिखल लागत नाही आणि कुजत नाही. मोरीच्या पाण्यावर तुझ्या आजीने अळू आणि केळ लावली होती, ती अजून आहेत. फक्त तेव्हा भांडी राखेने घासत, आता पावडरचा फेस जातो, म्हणून मी पहिलं पाणी बाहेर सोडते आणि धुवणाचं, तांदळाचं पाणी तेवढं मुळाशी घालते. शेवगा कुंपणालगत. टाकळा आणि कुर्डू आपोआप येतात, ते तण म्हणून उपटू नकोस, कोवळे असताना खुडून भाजी कर. शेवळं मात्र परसात होत नाहीत, ती जंगलातून येणाऱ्या बायकांकडून घ्यायची, आणि सोबत काकडं मागून घ्यायची, नाहीतर घसा खाजतो.

आणि वाल. तू आजीच्या वालाचं बी मागितलंस, त्यासाठी हे सगळं लिहायला बसले. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतात, वरून पाणी लागत नाही, जास्त दिलं तर नुसता पाला माजतो. आता खाचर नाही, म्हणून मी एका वाफ्यावर पावसाळाभर काही लावत नाही, गवत कापून तिथेच अंथरते, आणि थंडीच्या तोंडाला त्याच ओलीत पेरते. शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या. दाणे काढले की राख चोळून उन्हात ठेवायचे, म्हणजे भुंगा लागत नाही. पेरायला सगळ्यात भरलेल्या शेंगांचे ठेवायचे, बिरड्याला बाकीचे. हे उलटं करण्याचा मोह दरवर्षी होतो, कारण जाड दाण्याचं बिरडं सुरेख होतं. गोदामांच्या या पट्ट्यात हे बी अजून मोजक्या घरी आहे. शेजारणी माझ्याकडून नेतात, एखाद्या वर्षी माझं गेलं तर मी त्यांच्याकडून आणते. बाजारात वाल मिळतात, पण ते कुठले ते कोणी सांगू शकत नाही. तू परत आलास तर या फिरण्यात आणखी एक घर वाढेल, मला त्याची खरी गरज आहे. माझे गुडघे आता वाफ्याशी बसू देत नाहीत.

पोस्टाने बी पाठवणार नाही. तिकडच्या कस्टममध्ये प्रमाणपत्राशिवाय बियाणं अडवतात, आणि तूही तिकडचा घेवडा बॅगेत घालून आणू नकोस, इकडेही तोच नियम आहे. आणायचंच असेल तर बिअरसाठी घेतलेलं ते पीएच मोजायचं यंत्र आण, आणि मिळालं तर पाण्याची क्षारता मोजायचंही. भराव झाल्यापासून विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. ते खाडीचं आत येतं आहे की आणखी कशाचं, हे मोजल्याशिवाय पुढच्या वर्षी त्या पाण्यावर भाजी लावायची माझी तयारी नाही. वाल पेरायचे असतील तर दिवाळीच्या आत येणं जमव, तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
आत्या