जयापजयाचा हिशेब

शिक्षकाचा पेशा सुटला तरी दुसऱ्यांचा वाद कान देऊन ऐकण्याची आणि मनांतल्या मनांत त्यास गुण देण्याची खोड कांहीं सुटत नाहीं. सन २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंत न्यू जर्सी येथें चिरंजीवांकडे राहावयास गेलों, तेव्हां ही खोडही आमच्याबरोबर आली. शेजारच्या ओट्यावर सायंकाळीं एक वृद्ध गृहस्थ व त्यांचे जांवई बसत, आणि न्यू यॉर्कच्या 'मेट्स' नांवाच्या बेसबॉल-संघावरून त्यांची नित्य जुंपत असे. त्यांचे उच्चार जेथें आम्हांस कळत ना, तेथें आमचा नातू दुभाष्या होई.

हंगामाचे सामने एकंदर १६२. मेट्सनीं पहिल्या बारांपैकीं अकरा जिंकले होते. तेव्हांच वृद्ध गृहस्थांनीं यंदाचें अजिंक्यपद आपलेंच, असें भाकीत करून टाकिलें होतें. पुढें जूनमध्यें संघ असा घसरला कीं, जांवयांनीं उलट बाजू घेतली. "आतां आशा सोडा. जेकब डिग्रॉमला दुसऱ्या संघास देऊन त्याच्या बदल्यांत होतकरू पोरें घ्या. एवढा नामांकित चेंडू टाकणारा म्हणतां, पण अर्धा हंगाम उलटला तरी त्याच्या नांवावर विजय किती? पांच!"

"विजय संघाचे असतात," म्हातारबुवा उसळून म्हणत, "त्यानें धावा किती दिल्या तें पाहा!"

या खेळांत चेंडू टाकणारास 'पिचर' म्हणतात. सामना नऊ डावांचा. सुरुवातीच्या पिचरनें निदान पांच डाव टाकावे, तो मैदान सोडतांना त्याचा संघ पुढें असावा, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी. तरच विजय त्याच्या नांवावर चढतो. धावा काढणें हें फलंदाजांचें काम, आघाडी राखणें हें मागून येणाऱ्या पिचरांचें. म्हणजे श्रम एकाचे आणि त्याची किंमत ठरणार इतरांच्या हातून!

हें ऐकतां ऐकतां आम्ही एकाएकीं अस्वस्थ झालों. मुख्याध्यापक असतांना आम्हीं एका सहकाऱ्याकडे 'ड' तुकडी सोंपविली होती. इतर तुकड्यांनीं नाकारलेलीं सगळीं मुलें तींत होतीं. वर्षाअखेर निकाल शेंकडा चाळीसांवर गेला नाहीं. आम्हीं त्यांच्या गोपनीय अहवालांत 'अध्यापन असमाधानकारक' असा शेरा मारिला, आणि त्यांची बढती राहिली. जून महिन्यांत ज्यांना धड वाचतां येत नव्हतें, तीं मुलें मार्चमध्यें स्वतः पत्र लिहूं लागलीं होतीं, हें आम्हांस ठाऊक होतें. पण अहवालाच्या रकान्यांत त्यास जागा नव्हती, आणि ती करून देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

असो. हंगाम संपला. जांवयांचें भाकीत खरें ठरलें: मेट्स ७७ जिंकले, ८५ हरले, आणि पांच संघांच्या गटांत चौथे आले. डिग्रॉमच्या नांवावर १० विजय, ९ पराजय. परंतु क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या धावा वगळतां नऊ डावांमागें त्यानें दिलेल्या धावांची सरासरी अवघी १.७० होती; एकट्याच्या करामतीवर बाद केलेले फलंदाज २६९. प्रतिस्पर्धी मॅक्स शेर्झर याचे विजय १८ होते. तरीही नोव्हेंबरांत 'साय यंग' पुरस्कारासाठीं वृत्तलेखकांनीं दिलेलीं मतें जाहीर झालीं, तेव्हां पहिल्या पसंतीच्या ३० मतांपैकीं २९ डिग्रॉमला पडलीं. आणि मौज अशी कीं, ज्या साय यंगच्या नांवें हा पुरस्कार आहे, त्याची कीर्ति ५११ विजयांची! तोंपर्यंत आम्ही पुण्यास परतलों होतों. चिरंजीवांनीं ही वार्ता दूरध्वनीवरून कळविली.

त्याच रात्रीं आम्हीं त्या सहकाऱ्यांस पत्र लिहून क्षमा मागितली. आठ दिवसांनीं उत्तर आलें: "सर, आपण तो शेरा विसरला नाहीं, मीही नाहीं. आपलें पत्र जपून ठेवीन. पेन्शन मात्र जुन्याच हिशेबानें मिळत आहे."

तें शेवटचें वाक्य आम्हीं पुन्हा पुन्हा वाचलें. त्यावर लिहिण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं आज इतरांचे शेरे लिहिणें असेल, त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं या माणसास फलंदाज कसे मिळाले होते, एवढें एकवार विचारावें, इतकीच विनंती.