सुरुवातीला न लिहिलेला निषाद

पियानो शिकायला येणारी बरीच मुलं आधी पेटीवर हात बसवून आलेली असतात. पट्टी बदलायचं त्यांना भय नसतं. काळी एक म्हटलं की सा तिकडे सरकतो आणि बाकीचे सूर त्याच्यामागून जातात. अडतं ते कागदाशी. पाच रेघांच्या सुरुवातीचे शार्प मोजून मुलगा ठणकावून सांगतो, ‘एक शार्प, म्हणजे जी मेजर,’ आणि समोर असतो शोपँचा ई मायनरमधला प्रिल्यूड. दोन्हींची की सिग्नेचर एकच. कुठले सूर चढवायचे-उतरवायचे एवढंच ती सांगते. सा कुठला, ते सांगत नाही.

पुस्तकं मायनर शिकवतात ती मेजरच्या नात्यातून. मेजरच्या सा पासून तीन पट्ट्या खाली या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून. तिथे त्याच सिग्नेचरची मायनर सापडते. सी मेजरखाली ए मायनर, जी मेजरखाली ई मायनर. हिशेब बिनचूक आहे, आणि मूर्च्छना ठाऊक असलेल्याला तो लगेच पटतो: बिलावलच्या धैवताला सा मानलं की आसावरी थाटाचे स्वर मिळतात. तरी मी सुरुवात इथून करत नाही. अशाने मुलाच्या कानात सी हाच सा ठाण मांडून बसतो आणि ए मायनर म्हणजे भलत्याच जागेवरून सुरू केलेली सी मेजर वाटत राहते. मी सी वरच थांबते. सी मेजर वाजवून घेते, मग सा न हलवता गंधार, धैवत आणि निषाद कोमल करायला सांगते. रंग पालटलेला त्या क्षणी ऐकू येतो, समजावून सांगावा लागत नाही. नात्याचा हिशेब वाचनाच्या कामाचा आहे. तो मागून आला तरी चालतो.

यानंतर निषादाचा प्रश्न येतो. पाश्चात्त्य संगीतात पंचमावरची कॉर्ड सा कडे ओढ घेते ती तिच्यातल्या शुद्ध निषादामुळे. तो कोमल राहिला की ती ओढ ढिली पडते. म्हणून मायनरमध्ये निषाद चढवतात आणि हार्मोनिक मायनर तयार होते. किरवाणी ऐकलेल्या कानाला ती अनोळखी नाही, स्वर तेच आहेत. हाताला मात्र ती नवी असते. ए हार्मोनिक मायनरमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट एफ वर असतं आणि अनामिकेला जी शार्पपर्यंत लांबायचं असतं, म्हणजे दीड स्वराचं अंतर. ही दोन बोटं एकमेकांपासून सहज सुटत नाहीत. मनगट ताठ ठेवून बोट ताणलं तर सूर दचकल्यासारखा येतो. मनगट किंचित उजवीकडे नेलं की अनामिका आपसूक काळ्या पट्टीवर पोहोचते. एवढ्या एका जागेवर मी मुलांना हवा तेवढा वेळ रेंगाळू देते.

हेच अंतर गायकांनाही अवघड जातं. म्हणून मेलोडिक मायनरमध्ये चढताना धैवतही शुद्ध करतात आणि उतरताना दोन्ही पुन्हा कोमल होतात. ‘जाताना एक, येताना दुसरं, असं का?’ हा प्रश्न आपल्या मुलांना पडू नये. देसमध्ये आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल निषाद आपण ऐकतोच की.

आता कागदाकडे. हा चढवलेला निषाद की सिग्नेचरमध्ये कधीच नसतो. तो येईल त्या बारात, दर वेळी नव्याने लिहिला जातो. बेटोव्हनचं ‘फ्यूर एलिझे’ उघडा. सुरुवातीला एकही शार्प-फ्लॅट नाही, म्हणून मुलं ती सी मेजर समजतात. पहिले सूर ए ला सा मानून गायला लावावेत: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. डी शार्प हा पंचमाला बिलगलेला तीव्र मध्यम. तो शोभेचा आहे, घर दाखवत नाही. घर दाखवतो पुढच्या बारातला जी शार्प, आधी डाव्या हातात, लगेच उजव्या हातात. तोच निषाद. शार्प दोन्ही, पण एकाचं काम नटवणं आणि दुसऱ्याचं घरी नेणं, हे कानाला वेगळं कळलं की मायनर कळली असं मी मानते.

‘मूनलाइट’ सोनाटा सी शार्प मायनरमध्ये आहे. सिग्नेचरमध्ये चार शार्प आणि चौथ्या बारात बी शार्प. मुलं विचारतात, सरळ सी का नाही लिहिला? सी हे नाव सा ने घेतलेलं आहे, म्हणून. काळी एकचा शुद्ध निषाद पांढरी एकवरच पडतो, हे पेटीवाल्याला सांगायला नकोच.

की सिग्नेचर हा लिहिणाऱ्यांनी ठरवलेला संकेत आहे, आणि तो सुरुवातीपासून असाच नव्हता. बाखने 1720 च्या हस्तलिखितात जी मायनरचा व्हायोलिन सोनाटा एकाच फ्लॅटवर लिहिला आहे. आज तिथे आपण दोन लिहितो. उरलेला फ्लॅट तो जागच्या जागी लिहितो. म्हणून सिग्नेचर वाचावी, पण निवाडा तिच्यावर सोडू नये.

नवीन रचना समोर आली की आधी शेवटच्या बारात डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूर पाहा. तिथे बहुधा सा सापडतो. मग त्याच्या लगतचा खालचा सूर पानभर शोधा आणि तो चढवून लिहिलाय का ते बघा. शेवटची कॉर्ड मेजर निघाली तरी गोंधळू नका; बाखच्या 1722 च्या संग्रहातला सी मायनर प्रिल्यूडही मेजर कॉर्डवरच थांबतो, आणि खाली सी असतोच. सा नक्की झाला की ती स्केल दोन्ही हातांनी सावकाश वाजवा, आणि मगच रचनेला हात घाला.