पाण्यातलं घर

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं, की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला जरूर जाऊन या. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं, आणि जुनं गाव, पळसनाथाचं दगडी देऊळ पाण्याखाली गेलं. (याच पाण्यावर सोलापूरकडं ऊस उभा राहिला, तेही खरं.) पाणी उतरलं, की शिखर वर येतं.

मागं होडीत एक धरणग्रस्त शेतकरी, त्याची बायको अन् चिमुरडी लेक होती.

"बाबा, देवाला पोहता येतं?"

आम्ही सगळे हसलो.

"अन् आपलं घर कुठं होतं?"

बापानं पाण्याकडं बोट दाखवलं.

"मग आजीला पाणी आणायला लांब जावं लागत नसेल!"

आई हसली. बापानं तोंड फिरवलं, ओंजळभर पाणी घेतलं अन् डोळ्यांना लावलं.